डोळे पिवळे, यकृत मात्र ठणठणीत



श्रीपूर, महाळुंग, बोरगाव, माळीनगर या पट्ट्यात वस्त्यांवर आणि विहारांत आरोग्याच्या कामासाठी फिरताना एक तक्रार आमच्या कानावर वारंवार येते. "ताई, पोराचे डोळे मधूनच पिवळे दिसतात. दोन-तीनदा कावीळ उतरवून आणली, डागही दिला. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, परत येतंच. लिव्हर गेलं का हो त्याचं?" पोरगा अठरा-वीस वर्षांचा असतो. ताप नाही, उलटी नाही, पोटात दुखत नाही. पिशवीतून रक्ताचे रिपोर्ट निघतात. त्यावर एकूण बिलिरुबिन २ किंवा २.५ असते, बाकीचे सगळे आकडे जिथल्या तिथे. तरीही घरात काळजी, कडक पथ्य, उसनवारी आणि जुळत आलेले लग्न मोडण्याची धास्ती.

अशांपैकी बऱ्याच जणांना जे असते त्याला डॉक्टर गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात. ते आई-वडिलांकडून येते, कोणालाही लागत नाही आणि यकृत खराब करत नाही. त्याला औषध लागत नाही. मात्र डोळ्यांचा प्रत्येक पिवळेपणा गिल्बर्टचा नसतो, त्यामुळे एकदा नीट तपासणी लागतेच. या दोन्ही गोष्टी समजून घेण्यासाठी हा लेख.

पिवळा रंग येतो कुठून?

हाताला मार बसला की कातडीखाली रक्त साकळते. डाग आधी काळानिळा, मग हिरवट आणि शेवटी पिवळा होतो. रक्तातला लाल पदार्थ मोडला की तो आधी हिरवा व नंतर पिवळा होतो. या पिवळ्या पदार्थाचे नाव बिलिरुबिन.

आपल्या शरीरात हे काम रोज चालते. रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. जुन्या पेशी मोडतात, नव्या तयार होतात. या मोडतोडीतून मोठ्या माणसाच्या शरीरात रोज २५० ते ३०० मिलिग्रॅम बिलिरुबिन तयार होते. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून तसेच लघवीवाटे बाहेर जाऊ शकत नाही. रक्त ते यकृताकडे नेते. यकृतात एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याला साखरेपासून बनलेले एक आम्ल जोडते. मग ते पाण्यात विरघळते, पित्ताबरोबर आतड्यात उतरते आणि शौचावाटे निघून जाते. शौचाचा पिवळा-तपकिरी रंग त्याचाच.

रिपोर्टवर 'इनडायरेक्ट' लिहिलेले असते ते प्रक्रिया न झालेले, कच्चे बिलिरुबिन. 'डायरेक्ट' म्हणजे प्रक्रिया झालेले, पक्के. हे दोन शब्द लक्षात ठेवा, सगळा उलगडा त्यातूनच होतो.

कारखान्याच्या यार्डात उभे राहून पाहा

श्रीपूरच्या माणसाला हे समजावणे सोपे आहे. यकृत हा साखर कारखाना समजा. कच्चे बिलिरुबिन म्हणजे ऊस, पक्के म्हणजे साखरेची पोती, आणि मघाशी सांगितलेले विकर म्हणजे गाळप करणारी मिल.

यार्डात ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग लागली की कारण तीनपैकी एक असते. पहिले, ऊसच एकदम फार आला. रक्तपेशी लवकर फुटायला लागल्या की असे होते, उदाहरणार्थ सिकलसेलमध्ये. दुसरे, मिलची गाळप क्षमता कमी आहे. गिल्बर्टमध्ये हेच असते. तिसरे, पोती भरून तयार आहेत, पण गोदामाच्या दारातून बाहेर पडत नाहीत. पित्तनळीत खडा अडकला किंवा हिपॅटायटिसमध्ये यकृताच्या पेशींना सूज आली की पक्के बिलिरुबिन उलटे रक्तात येते.

गिल्बर्ट असलेल्या माणसाच्या यकृतात हे विकर साधारण ३० टक्केच काम करते. कारखाना मोडलेला नाही, यंत्राला गंज नाही, फक्त मिल लहान आहे. एरवी तेवढ्यावर भागते. उपास घडला, ताप आला, झोप झाली नाही, अंगमेहनत फार झाली किंवा पाणी कमी पडले की रांग वाढते आणि डोळे पिवळट दिसतात. दोन-चार दिवसांत आपोआप उतरते.

पॅरिसचे डॉक्टर ऑगस्टिन गिल्बर्ट आणि पिएर लेरबुले यांनी १९०१ साली हे प्रथम मांडले. १९९५ मध्ये त्याचे मूळ सापडले. हे विकर बनवण्याची सूचना ज्या जनुकात असते, त्याच्या सुरुवातीला दोन अक्षरांची एक जोडी सहा वेळा येते. गिल्बर्ट असलेल्या बहुतेकांमध्ये ती सात वेळा असते. एवढ्याशा फरकाने विकर कमी तयार होते. आई आणि वडील दोघांकडूनही असा जनुक आला तरच हा प्रकार सहसा दिसतो. जगात शंभरातल्या साधारण तीन ते दहा जणांना तो असतो. वयात आल्यावर आणि मुलींपेक्षा मुलांमध्ये तो जास्त लक्षात येतो. वर्गात पन्नास मुले असतील तर त्यात दोन-तीन असणे नवल नाही. बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही.

पथ्याने वाढणारी कावीळ

कावीळ म्हटली की आपल्याकडे पहिले काम म्हणजे ताट रिकामे करणे. तेल बंद, तिखट बंद, हळद बंद, मटण-अंडी बंद. ताक-भात आणि उसाचा रस, बस्स. गिल्बर्टच्या माणसाला हे पथ्य नेमके उलटे पडते. पोटात अन्न कमी गेले, त्यातही तेल-तूप बंद झाले, की त्याचे बिलिरुबिन वाढते. पूर्वी डॉक्टर निदानासाठी हाच गुणधर्म वापरत. रुग्णाला एक-दोन दिवस अगदी कमी जेवण द्यायचे आणि बिलिरुबिन चढते का ते पाहायचे.

आता वैदूकडचा हिशोब पाहा. पोरगा पिवळा दिसला, पथ्य सुरू झाले, पिवळेपणा वाढला. "बघा, कावीळ अंगात मुरली होती, आता बाहेर पडतेय," असे सांगितले जाते. आठवड्या-पंधरवड्याने पोरगा कंटाळून पोटभर जेवायला लागतो, आकडा उतरतो आणि श्रेय जाते माळेला, डागाला, झाडपाल्याला. पुढच्या हंगामात पुन्हा तेच. हिपॅटायटिस ए सुद्धा बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत आपला आपण बरा होतो. 'हमखास गुण' येण्यामागचे रहस्य इतकेच आहे.

हात धुतल्यावर पाणी पिवळे होते, त्याचे काय? हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असतो आणि भांड्यात चुन्याची निवळी असते. दोन्ही एकत्र आले की पाणी पिवळे होते. ज्याला कावीळ नाही त्याचा हात घालून पाहा, पाणी तसेच पिवळे होईल. डोक्यावर घातलेली माळ वाढत वाढत गळ्याखाली उतरते, कारण ओल्या देठांचे तुकडे दोऱ्याच्या फासात ओवलेले असतात. देठ वाळून बारीक होतात, फास सैल पडतात, माळ लांबते. खुंटीला टांगली तरी ती लांबेलच.

डाग देणे मात्र नुसती फसवणूक नाही, ती इजा आहे. तापलेल्या सळईने किंवा बिब्ब्याने भाजलेली जखम चिघळते. तान्ह्या बाळाला डाग दिला तर जंतुसंसर्ग रक्तात पसरून जीव जाऊ शकतो. तथागतांनी कालामांना परंपरेवर, ऐकीव गोष्टीवर किंवा सांगणाऱ्याच्या मोठेपणावर विसंबू नका, स्वतः पडताळून पाहा, असे सांगितले. काविळीच्या बाबतीत पडताळणी म्हणजे रक्ताची आणि लघवीची तपासणी.

गिल्बर्ट आहे हे ठरवायचे कसे?

घरच्या घरी दोन गोष्टी पाहता येतात. पहिली लघवी. कच्चे बिलिरुबिन लघवीत उतरत नाही, म्हणून गिल्बर्टमध्ये भरपूर पाणी प्यायल्यावर लघवीचा रंग नेहमीसारखा असतो. लघवी कोऱ्या चहासारखी गडद होत असेल तर पक्के बिलिरुबिन वाढले आहे असे समजा. ते गिल्बर्ट नव्हे. दुसरी गोष्ट शौचाचा रंग. तो पांढुरका, शाडूसारखा झाला तर पित्त आतड्यात उतरत नाही.

मग प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपजिल्हा रुग्णालयात या तपासण्या कराव्यात:

१. बिलिरुबिन: एकूण, डायरेक्ट आणि इनडायरेक्ट वेगवेगळे लिहून घ्या. नुसता एकूण आकडा पुरत नाही. गिल्बर्टमध्ये वाढ इनडायरेक्टची असते. एकूण आकडा बहुधा ३ च्या आत राहतो, ४-५ च्या वर क्वचितच जातो.

२. एसजीपीटी, एसजीओटी आणि अल्कलाइन फॉस्फटेज: गिल्बर्टमुळे हे वाढत नाहीत.

३. हिमोग्लोबिन, संपूर्ण रक्तगणना आणि रेटिक्युलोसाइट: रक्तपेशी जास्त फुटत नाहीत ना, हे यावरून कळते.

४. हिपॅटायटिस बी आणि सी: २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात या दोन्हींची तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

काही महिन्यांनी पुन्हा तपासून चित्र तसेच राहिले तर डॉक्टर गिल्बर्टचे निदान करतात. जनुकाची महागडी तपासणी सहसा लागत नाही. तो कागद जपून ठेवा. कॅन्सरसाठी इरिनोटेकान हे औषध द्यायची वेळ आली किंवा एआरटी केंद्रात अटाझानावीर सुरू होणार असेल तर डॉक्टरांना गिल्बर्टबद्दल आधी सांगा. इरिनोटेकान याच विकराच्या मदतीने शरीराबाहेर पडते, म्हणून अशा माणसाला त्याचा त्रास जास्त होऊ शकतो. अटाझानावीरने बिलिरुबिन आणखी चढते.

पुढीलपैकी काहीही असेल तर गिल्बर्ट समजून घरी बसू नका: ताप, सतत उलट्या, उजव्या बरगडीखाली दुखणे, अंगाला खाज, गडद लघवी, पोट किंवा पाय सुजणे, गुंगी किंवा बरळणे. गरोदर बाईचे डोळे पिवळे झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दूषित पाण्यातून होणारा हिपॅटायटिस ई गरोदरपणात जिवावर बेततो. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली होती. गावात एकाच वेळी अनेकांना कावीळ झाली तर ती वंशातली नव्हे, पाण्याची तपासणी मागा.

सिकलसेल विसरू नका

आपल्या समाजासाठी हा मुद्दा वेगळा सांगायला हवा. विदर्भात आदिवासी आणि अनुसूचित जातींमध्ये, म्हणजे आपल्या बौद्ध कुटुंबांतही, सिकलसेलचे प्रमाण बरेच आहे. आपल्या सोयरिकी नागपूर, चंद्रपूर, अमरावतीपर्यंत जातात. डोळे पिवळट, त्यासोबत हिमोग्लोबिन कमी, हातापायांची हाडे ठणकणे, वारंवार ताप, असे चित्र असेल तर सिकलसेलची तपासणी करून घ्या. साधी सोल्युबिलिटी तपासणी आधी होते, पक्के निदान नंतर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल अ‍ॅनिमिया निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांच्या तपासणीवर भर आहे. तरुणांनी लग्नाआधी ती करून घेतलेली बरी.

उपोसथ आणि कोयता

वर्षावासात अनेक उपासिका आणि तरुण पौर्णिमेला अष्टशील घेतात. दुपारनंतर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अन्न घेत नाहीत. गिल्बर्ट असलेल्याचे डोळे दुसऱ्या दिवशी थोडे पिवळट दिसू शकतात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, शील मोडले म्हणून शिक्षा तर मुळीच नाही. बारा वाजण्याआधी पोटभर जेवावे, दिवसभर पाणी प्यावे. थकवा, चक्कर येत असेल त्यांनी भंतेजींना सांगून भोजनाच्या नियमातून सूट घ्यावी.

हंगामात कोयत्यावर जाणाऱ्यांची गोष्ट अधिक बिकट. पहाटे चारला उठून रिकाम्या पोटी फडात, दुपारपर्यंत पाण्याचा घोट नाही, वर मोळ्या वाहणे. गिल्बर्टच्या माणसाला डोळे पिवळे व्हायला एवढे पुरते. निघताना भाकरी खाऊन निघणे, सोबत पाण्याचा कॅन आणि गूळ-शेंगदाणे ठेवणे, हाच त्याचा उपचार. फडावर स्वच्छ पाणी मिळणे हा मजुरांचा हक्क आहे, तो मुकादमाकडे संघटितपणे मागितला पाहिजे.

तान्ह्या बाळाची कावीळ

पूर्ण दिवसांच्या बाळांपैकी निम्म्याहून जास्त बाळांना जन्मल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी कावीळ दिसते, कारण त्यांच्या यकृतातली मिल नुकतीच सुरू होत असते. बहुतेकांची ती आठवड्या-दीड आठवड्यात जाते. पण बिलिरुबिन फार चढले तर ते मेंदूत शिरते आणि बहिरेपणा, कायमचे अपंगत्व किंवा मृत्यू ओढवतो. म्हणून पहिल्या चोवीस तासांत आलेली कावीळ, तळहात-तळपायापर्यंत उतरलेला पिवळेपणा, बाळाने दूध सोडणे, सुस्त पडणे, चिरक्या आवाजात रडणे किंवा अंग ताठ करणे, यांपैकी काही दिसले तर एक तासही दवडू नका. १०८ ला फोन करा. दोन आठवड्यांनंतरही कावीळ राहिली किंवा शौच पांढरी होत असेल तरीही दाखवाच. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळाचा सरकारी रुग्णालयातला उपचार आणि वाहन मोफत आहे. दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, तेव्हा बाळ उजेडात नेऊन दाखवा.

आणखी एक. जी६पीडी नावाचे विकर काही बाळांत जन्मतः कमी असते. ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवलेले कपडे आणि दुपटी अशा बाळाला वापरली तर त्याच्या रक्तपेशी फुटतात आणि कावीळ भडकते. बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवूच नयेत.

दवाखान्यात बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात, त्याने घाबरू नका. त्या प्रकाशाने बिलिरुबिनचा आकार बदलतो आणि ते यकृतातल्या विकराच्या मदतीशिवाय बाहेर पडू लागते. हा शोध एका परिचारिकेच्या निरीक्षणातून लागला, हे आम्ही अभिमानाने सांगतो. इंग्लंडमध्ये रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उन्हात नेत असत. १९५६ च्या उन्हाळ्यात त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवले. त्याचे अंग फिके पडले होते, पण चादरीच्या टोकाने झाकलेला तेवढा त्रिकोणी भाग गडद पिवळा राहिला होता. त्यावरून डॉ. क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले आणि १९५८ मध्ये दिव्याची उपचारपद्धती प्रसिद्ध केली. त्याच १९५६ च्या १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली. मात्र दवाखान्यातल्या दिव्याचे काम घरी उन्हात ठेवून भागत नाही. कडक उन्हात बाळाला चटका बसतो.

कर्म, सोयरीक आणि नात्यातली लग्ने

गिल्बर्टच्याच जनुकात मोठा बिघाड असेल तर क्रिग्लर-नज्जर सिंड्रोम होतो. १९५२ साली त्याची नोंद झाली. त्याच्या पहिल्या प्रकारात मिल जवळजवळ बंदच असते. दहा लाखांत एखाद्या बाळाला हा आजार होतो. त्याला रोज १०-१२ तास दिव्याखाली राहावे लागते आणि कायमचा इलाज म्हणजे यकृत प्रत्यारोपण. दुसरा प्रकार सौम्य असतो, त्यात फिनोबार्बिटोन या गोळीने बिलिरुबिन उतरते. डुबिन-जॉन्सन आणि रोटर हे आणखी दोन वंशातले प्रकार आहेत. त्यांत पोती गोदामातून नीट बाहेर पडत नाहीत, डायरेक्ट बिलिरुबिन वाढते, पण आयुष्याला धोका नसतो.

मामाची किंवा आत्याची मुलगी करण्याची पद्धत सोलापूर भागात अजून आहे. अशा लग्नात दोघांकडे एकच सदोष जनुक असण्याची शक्यता वाढते आणि क्रिग्लर-नज्जरसारखे दुर्मिळ आजार तिथेच जास्त उमटतात. नात्यात लग्न टाळावे, हे आम्ही स्पष्ट सांगतो.

पण नुसत्या गिल्बर्टसाठी सोयरीक मोडू नये. ते हातातोंडातून पसरत नाही, जोडीदाराला लागत नाही, मूल होण्यात अडथळा आणत नाही. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत आकडा वाढलेला निघाला तर घाबरून जाऊ नका. निदानाचा कागद दाखवा आणि पोटभर जेवून फेरतपासणी मागा. वेगळी ताटवाटी, वेगळे अंथरूण यांची काही गरज नाही. विटाळाचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या घेतलेल्या घरांत एखाद्या पोराचे ताट वेगळे ठेवले जावे, हे आम्हाला पाहवत नाही.

"मागच्या जन्मीचं काहीतरी असेल," असेही कानावर येते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त तपासताना आनुवंशिकतेचाच मुद्दा पुढे ठेवला आहे. मुलाला शरीर मिळते ते आई-वडिलांकडून. पिवळे डोळेही तिथूनच आले आहेत. त्यात कोणाचे पाप नाही आणि आईचा दोषही नाही, कारण जनुक दोघांकडून येतो.

येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा एवढे करा. ज्यांचे डोळे वारंवार पिवळे होतात त्यांनी जुने रिपोर्ट सोबत आणावेत. डायरेक्ट-इनडायरेक्टचे आकडे नसतील तर आपण मिळून दवाखान्यात जाऊन ते काढून घेऊ. तोवर डाग नाही, माळ नाही आणि उपाशी राहणे नाही.

नमो बुद्धाय, जय भीम!